टॅलीसाठी मुक्तस्रोत कनेक्टर : उभारणी आणि परवाना

(लेखक : एक घाऊक धान्यव्यापारी, सुरत)

आपल्या व्यापारी बंधूंपैकी बहुतेकांच्या पेढीवर आज लाल कापडी चोपड्यांची जागा संगणकाने घेतली आहे. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी लॅपटॉपलाही कुंकू लागते. तथापि चोपडी आणि संगणक यांत एक मोठा भेद आहे व तो पुष्कळांच्या ध्यानी आलेला नाही. चोपडी कोणत्याही मुनिमाच्या हाती दिली तरी त्यास ती वाचता येते. संगणकातील हिशेब मात्र ज्या प्रणालीत लिहिला तीच प्रणाली उघडल्यावाचून वाचता येत नाही. हिशेब आपला असला तरी कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या नमुन्याची आहे. या कपाटातून आपलाच हिशेब रीतसर बाहेर काढून दुसऱ्या कामास लावणारे जे साधन, त्यास 'कनेक्टर' म्हणतात. तो कोणता घ्यावा, कसा बसवावा आणि त्याचा परवाना कसा वाचावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. लेखक संगणकशास्त्राचा पंडित नव्हे, केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्यव्यापारी आहे. यास्तव विवेचन व्यापाऱ्याच्या भाषेतच होईल.

कनेक्टरची गरज का पडते?

आमच्या धान्याच्या धंद्याचेच उदाहरण घेऊ. जळगावची डाळ, दोंडाईचा व नंदुरबारकडील ज्वारी, मध्य प्रदेशातील गहू असा माल सुरतेस येतो. काट्याची पावती एका संगणकावर निघते, गोदामातील पोत्यांची नोंद दुसरीकडे होते आणि बिल व खतावणी टॅलीत होते. एकच आकडा तीन ठिकाणी तीन माणसे लिहितात. त्यांपैकी एकाने ४९ चे ९४ केले की महिनाअखेरीस ताळा मिळेना होतो आणि मुनीम रात्री बारापर्यंत बसतो. शिवाय घरची नवी पिढी बाहेरगावी असते. 'कोणत्या पार्टीकडे किती येणे, किती दिवसांचे?' हे तिला मोबाईलवर पाहावयाचे असते. कनेक्टर असल्यास टॅलीतील हिशेब एका साध्या कोष्टकात उतरतो व तेथून हवा तो तक्ता काढता येतो.

दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. वस्तू व सेवाकर कायद्यान्वये हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. जपणे म्हणजे नुसते डबीत बंद करून ठेवणे नव्हे. मागितल्यावर वाचून दाखविता आले पाहिजे. प्रणाली बदलली, आवृत्ती जुनी झाली, वा पेढी वाटली गेली, तरी हिशेब वाचण्यायोग्य राहावा, यासाठी एक प्रत सर्वांना वाचता येईल अशा स्वरूपात असणे हितावह आहे.

दुभाष्याची आपली जुनी ओळख

सुरतेच्या व्यापाऱ्यास ही गोष्ट नवी वाटू नये. मोगल अमदानीत येथे इंग्रज, डच, इराणी, तुर्की अशा अनेक भाषांचे व्यापारी येत आणि दलाल व दुभाषी यांच्यावाचून एक गाठोडे हलत नसे. ईस्ट इंडिया कंपनीचे येथील दलाल भीमजी पारेख यांनी इ.स. १६७० च्या सुमारास विलायतेहून मुद्रक मागविला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठविण्यात आला. त्यास छपाई येत होती, परंतु देशी लिपीचे खिळे पाडण्याची विद्या अवगत नव्हती. यंत्र आले, माणूस आला, तरी आपली अक्षरे त्यावर उमटेनात. दोन चांगल्या वस्तूंच्या मधला दुवा नसला म्हणजे दोन्ही निरुपयोगी होतात, हे सुरतेने साडेतीनशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

दोन घरांच्या दोन रीती

टॅलीचा इतिहास आपल्या समाजास जवळचा वाटेल असा आहे. श्यामसुंदर गोयंका हे कारखाने व कापडगिरण्यांना माल पुरविणारे व्यापारी होते. त्यांना हिशेबासाठी मनाजोगी प्रणाली मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भारत गोयंका यांनी ती लिहावयास घेतली. १९८६ मध्ये ही कंपनी स्थापन झाली व आज तिचे कार्यालय बंगळूर येथे आहे. भारत गोयंका यांस २०२० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 'टॅलीप्राइम' ही आवृत्ती बाजारात आली. ही प्रणाली मालकीहक्काची आहे. आपण पैसे देऊन तिच्या वापराचा परवाना घेतो. तिच्या आतील लेखन, ज्यास 'सोर्स कोड' म्हणतात, ते आपणांस मिळत नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय होता. तेथे विकतची प्रणाली नीट बसेना, तेव्हा त्यांनी स्वतःच प्रणाली लिहिण्यास आरंभ केला. त्यातून 'ईआरपीनेक्स्ट' निर्माण झाली आणि २००८ मध्ये तिच्यामागील कंपनी उभी राहिली. त्यांनी आपले सारे लेखन जगापुढे खुले ठेवले. यास मुक्तस्रोत म्हणजे 'ओपन सोर्स' म्हणतात.

दोन्ही प्रणाली घरच्या पेढीच्या अडचणीतून जन्मल्या. एकाने पाककृती तिजोरीत ठेवली, दुसऱ्याने ती चव्हाट्यावर मांडली. दोन्ही रीती कायदेशीर आहेत व दोहोंवर धंदा चालू शकतो. आपल्यापुढील प्रश्न एवढाच, की पहिल्या प्रकारच्या प्रणालीस दुसऱ्या प्रकारचा दुवा जोडावयाचा झाल्यास काय काय पाहावे.

टॅलीची दारे

टॅलीची हिशेबाची फाईल थेट उघडून वाचता येत नाही. तसा खटाटोप करणाऱ्याच्या हाती आपली मूळ फाईल कदापि देऊ नये. मात्र कंपनीने स्वतःच काही अधिकृत दारे ठेवली आहेत. पहिले दार म्हणजे 'एक्सएमएल' भाषेतील निरोप. बाहेरच्या आज्ञावलीने ठराविक नमुन्यात विचारणा पाठविली की टॅली त्याच नमुन्यात उत्तर देते. या दारातून नवी नोंद आतही पाठविता येते. दुसरे दार 'ओडीबीसी' नावाचे. त्यातून फक्त वाचन होते व एक्सेलसारख्या प्रणालीत हिशेब उतरविता येतो. तिसरा मार्ग 'टीडीएल' या टॅलीच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या पुरवणीचा.

पहिल्या दारावर चालणारे एक मुक्तस्रोत साधन 'टॅली डेटाबेस लोडर' या नावाने उपलब्ध आहे. ते टॅलीतून खाती, व्हाउचरे, मालाच्या नोंदी इत्यादी मागवून घेते आणि 'मायएसक्यूएल' वा 'पोस्टग्रेस' यांसारख्या माहितीकोशात भरते, अथवा साध्या सीएसव्ही फाईली काढून देते. त्यासाठी संगणकावर 'नोड' नावाची आधारप्रणाली असावी लागते व तीही विनामूल्य मिळते. पुढील विवेचन या जातीचे साधन डोळ्यांपुढे ठेवून केले आहे.

उभारणीचा क्रम

१. प्रथम संपूर्ण हिशेबाची बॅकअप प्रत घ्यावी व ती वेगळ्या पेन-ड्राइव्हवर काढून तिजोरीत ठेवावी. हे झाल्याखेरीज कारागिरास खुर्चीवर बसू देऊ नये.

२. पहिला प्रयोग चालू हिशेबावर न करता त्याच्या नकलेवर, शक्यतो दुसऱ्या संगणकावर करावा. विना-परवाना शैक्षणिक आवृत्तीत महिन्यातील मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात, म्हणून तिच्यावरील प्रयोग पुरा मानू नये.

३. कनेक्टर त्याच्या मूळ कर्त्याच्या ठिकाणाहूनच उतरवून घ्यावा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली फाईल म्हणजे रस्त्यात सापडलेले पोते होय. आत गहू आहे की खडे, हे सांगता येत नाही.

४. टॅलीप्राइममध्ये 'हेल्प' मधून 'सेटिंग्ज' व तेथून 'कनेक्टिव्हिटी' येथे जावे. तेथे टॅलीस 'सर्व्हर' म्हणून वागण्याची मुभा द्यावी. दाराचा क्रमांक बहुधा ९००० असतो. मग त्याच संगणकाच्या ब्राउजरमध्ये 'लोकलहोस्ट', अपूर्णविराम (:) व ९००० असे टाकले असता टॅली सर्व्हर चालू असल्याचा इंग्रजी संदेश दिसतो. तो दिसला की दार उघडले असे समजावे.

५. कनेक्टरच्या मांडणीच्या फाईलमध्ये दाराचा क्रमांक, कंपनीचे नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा हिशेब हवा ती मुदत, आणि माहितीकोशाचा परवलीचा शब्द भरावा. कंपनीचे नाव टॅलीत जसे आहे तसेच लिहावे. एक टिंब वा एक रिकामी जागा चुकली तरी काम अडते.

६. कनेक्टर चालविताना टॅली उघडी असावी लागते व ती कंपनीही उघडलेली असावी लागते. रात्री आपोआप चालण्याची व्यवस्था केली आणि मुनिमाने संध्याकाळी टॅली बंद केली, तर सकाळी तक्ता कालचाच दिसेल. हा यंत्राचा दोष नव्हे. दुभाषी आला, पण शेठजी घरी नव्हते, एवढेच.

७. पहिले सहा महिने कनेक्टरला केवळ वाचनाचे काम द्यावे. टॅलीत नोंदी लिहिण्याचा अधिकार त्यानंतर, तोही एकाच प्रकारच्या व्हाउचरपुरता द्यावा. प्रायव्हेट लिमिटेड वा अन्य कंपनी असल्यास १ एप्रिल २०२३ पासून हिशेबातील प्रत्येक फेरबदलाचा माग ठेवणारी प्रणाली वापरणे बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्यावे.

ताळा कसा मिळवावा?

येथे थोडे अधिक थांबले पाहिजे. सारे श्रम येथेच फळतात वा वाया जातात. आकडे बाहेर आले म्हणजे काम झाले असे नव्हे. टॅलीतील तेरीज आणि बाहेर निघालेली तेरीज समोरासमोर ठेवून तीन गोष्टी ताडाव्या : व्हाउचरांची एकूण संख्या, येणेकऱ्यांची एकूण बाकी, आणि गोदामवार मालाची शिल्लक.

यात एक मेख आहे. टॅलीच्या एक्सएमएल उत्तरात नावे पडणारी रक्कम ऋण चिन्हाने आणि जमा रक्कम धन चिन्हाने येते. आपल्या मनाची घडण अशी की येणे म्हणजे अधिक. हे न जाणता ज्याने तक्ता बांधला, त्यास एखाद्या पार्टीकडील ३ लाखांचे येणे हे ३ लाखांचे देणे दिसेल. बेरीज बरोबर असूनही अर्थ उलटा होईल. तेव्हा प्रथम एक ओळखीची पार्टी घेऊन तिचे खाते ओळीनओळ ताडावे.

दुसरी मेख मापाची. आमच्याकडे माल पोत्यात येतो व भाव क्विंटलचा असतो. टॅलीत संयुक्त किंवा पर्यायी माप लावले असल्यास बाहेर आलेला आकडा पोत्यांचा की क्विंटलचा, हे स्पष्ट करून घ्यावे. ५० किलोची २०० पोती म्हणजे १०० क्विंटल. तक्त्यात २०० क्विंटल दिसले तर शिल्लक दुप्पट झाली.

तिसरी मेख लिपीची. पार्टीची नावे देवनागरीत अथवा गुजरातीत असतील, तर अक्षरांची सांकेतिक पद्धत 'युनिकोड' आहे ना, हे पाहावे. अन्यथा सर्व नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि भीमजी पारेख यांची अडचण आपल्या पेढीवर पुन्हा अवतरते.

दाराची राखण

नऊ हजार क्रमांकाच्या या दारास स्वतंत्र कुलूप नाही असे समजूनच वागावे. कंपनी उघडी असताना दुकानाच्या जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरून विचारणा आली तर टॅली उत्तर देऊ शकते. म्हणून हे दार त्याच संगणकापुरते ठेवावे, फायरवॉलने बाहेरची वाट बंद करावी, आणि कोणी 'घरून दिसावे म्हणून' ते इंटरनेटवर उघडू पाहील तर साफ नकार द्यावा. घरी तक्ता पाहावयाचा असेल तर माहितीकोशातील नकलेवरून पाहावा. आपल्या येण्याची यादी स्पर्धकाच्या हाती जाणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

परवाना : एक नव्हे, दोन

पुष्कळांची अशी समजूत असते की कनेक्टर फुकट मिळाला म्हणजे परवान्याचा प्रश्न मिटला. वस्तुतः येथे दोन वेगवेगळे परवाने असतात आणि एक दुसऱ्याची उणीव भरून काढीत नाही.

पहिला टॅलीचा. एका संगणकावरील एका वापरकर्त्यास 'सिल्व्हर' व एकाच स्थानिक जाळ्यातील अनेकांस 'गोल्ड' असे त्याचे मुख्य प्रकार आहेत. कनेक्टर लावल्याने सिल्व्हरचा गोल्ड होत नाही. चोरीच्या टॅलीवर प्रामाणिक कनेक्टर बसविला तरी चोरी ती चोरीच. आपल्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे, म्हणजे 'तदाहृतादान', हेही गणले आहे. कायदाही तेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब अन्वये संगणक-प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षेपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

याच कायद्यात व्यापाऱ्यास अनुकूल अशीही एक तरतूद आहे. १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशी भर पडली, की प्रणालीची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याने स्वतंत्रपणे बनविलेली दुसरी प्रणाली तिच्याशी जुळावी यासाठी आवश्यक ती माहिती मिळविली, तर तो हक्कभंग होत नाही. अट एवढीच की ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. टॅलीने आपली दारे स्वतःच जाहीर केली असल्याने आपणांस तेवढ्या खोलात जावे लागत नाही. तरीही तत्त्व ध्यानी ठेवण्याजोगे आहे. ज्याने रीतसर विकत घेतले, त्यास जोडून घेण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. वाद उद्भवल्यास अर्थातच वकिलांचा सल्ला घ्यावा.

दुसरा परवाना कनेक्टरचा. मुक्तस्रोत म्हणजे बेवारस नव्हे. त्याचाही कर्ता असतो व त्याच्याही अटी असतात. मुख्य प्रकार येणेप्रमाणे :

'एमआयटी' परवाना सर्वांत मोकळा. वापरा, बदला, विका. फक्त कर्त्याची हक्कसूचना व परवान्याचा मजकूर पुसू नका. वर सांगितलेला लोडर याच परवान्याचा आहे.

'अपाचे' हा २००४ चा दुसऱ्या आवृत्तीचा परवानाही मोकळाच आहे. त्यात पेटंटविषयी स्पष्ट संरक्षण आहे, व बदललेल्या फाईलींवर तशी नोंद करावी लागते.

'जीपीएल' हा १९८९ मध्ये प्रथम निघाला व त्याची तिसरी आवृत्ती २००७ ची आहे. याची रीत समाजाच्या सार्वजनिक भांड्यांसारखी आहे. घरच्या कार्यास न्या, हवी तशी कल्हई करा. पण पुढे दुसऱ्यास द्याल तर त्याच अटीवर, मूळ लेखनासह द्या. केवळ स्वतःच्या पेढीत वापरल्यास काहीही जाहीर करावे लागत नाही.

'एजीपीएल' यात आणखी एक पाऊल आहे. बदललेली प्रणाली जाळ्यावरून इतरांच्या वापरास ठेवली, तर त्या वापरणाऱ्यांसही मूळ लेखन मिळण्याची सोय करावी लागते.

मजेची गोष्ट अशी की वर उल्लेखिलेल्या मुंबईच्या घराने आपला पायाभूत 'फ्रापे' साचा एमआयटी परवान्याखाली, तर त्यावर उभी असलेली ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली दिली आहे. यावरून परवाना घराण्यावरून नव्हे, वस्तूवरून वाचावयाचा असतो, हे दिसून येईल.

जीपीएलचा कनेक्टर लावला म्हणून टॅली किंवा आपला हिशेब जगापुढे उघडा करावा लागतो, ही भीती अनाठायी आहे. दोन स्वतंत्र प्रणाली दारातून निरोप पाठवून बोलतात तेव्हा सामान्यतः प्रत्येकीचा परवाना तिच्यापाशीच राहतो. हिशेब तर सर्वस्वी आपलाच.

याउलट एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. लेखन डोळ्यांना दिसते पण सोबत परवान्याचा कागद नाही, अशी वस्तू मुक्तस्रोत नव्हे. परवाना नसेल तेथे सर्व हक्क कर्त्याकडे राखीव असतात. तसेच टॅलीची पुरवणी केवळ 'टीसीपी' या बंद फाईलच्या रूपाने दिली जात असेल, तर तिचे आतील लेखन वाचता येत नाही. अशी फाईल विशिष्ट परवाना-क्रमांकाशी बांधूनही ठेवता येते. तिला कोणी 'ओपन सोर्स' म्हणून विकू लागला तर मूळ 'टीडीएल' लेखन मागावे. द्यावयास तो का कू करील, तर उत्तर मिळालेच.

कारागिराशी करार

कनेक्टर विनामूल्य असला तरी बसविणाऱ्याचे कष्ट विनामूल्य नसतात व नसावेत. त्यांचा योग्य मेहनताना द्यावा. मात्र कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्या : केलेल्या प्रत्येक बदलाचे मूळ लेखन पेढीस मिळेल, परवलीचे सर्व शब्द बंद पाकिटात मालकापाशी राहतील, हिशेबाची प्रत कारागीर स्वतःजवळ ठेवणार नाही, आणि टॅलीची आवृत्ती बदलल्यावर दुरुस्तीचा दर काय असेल. बहुतेक सर्व मुक्तस्रोत परवान्यांत 'जसे आहे तसे' अशी अट असते. आपल्या बाजारात माल पाहून घ्यावा, मागाहून तक्रार चालणार नाही असे म्हणतात, तोच हा न्याय. कर्त्यावर जबाबदारी नाही, म्हणून ती करारात कारागिरावर स्पष्टपणे घालावी लागते.

उपसंहार

भारत सरकारने २०१५ मध्ये आपल्या खात्यांसाठी मुक्तस्रोत प्रणालींचे धोरण जाहीर केले. ई-इन्व्हॉइसची पद्धतही याच विचारावर उभी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना करपात्र मालाच्या घाऊक विक्रीस ती लागू झाली. त्या पद्धतीत सरकार आपली प्रणाली कोणाची हे विचारीत नाही, माहिती ठरलेल्या नमुन्यात असावी एवढेच सांगते. काळाचा ओघ कोणीकडे आहे हे यावरून समजून येईल.

लहान पेढीस एकटीने कारागीर ठेवणे परवडणारे नाही. परंतु मुक्तस्रोत परवान्याचा खरा लाभ येथेच आहे. एका पेढीने केलेली सुधारणा दुसरीस कायदेशीरपणे देता येते. पोते व क्विंटल यांचा मेळ, गोदामवार शिल्लक, येण्याच्या दिवसांची वर्गवारी ही कामे सर्व धान्यव्यापाऱ्यांची सारखीच आहेत. आपल्या मंडळाने सामाईक खर्चाने एक जाणता कारागीर नेमून ही प्रत एकदा नीट तयार करून घेतली, तर प्रत्येक सभासदाच्या माथी येणारा खर्च अल्प राहील. आणि एखाद्या विक्रेत्याने भाव वाढविला वा दुकान बंद केले, तरी कोणाचाही हिशेब त्याच्या कपाटात अडकून पडणार नाही. कार्यकारिणीने येत्या बैठकीत या सूचनेचा विचार करावा अशी नम्र विनंती आहे. सभासदांनी तूर्त एवढे तरी अवश्य करावे : आज संध्याकाळी पेढी बंद करण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, आणि आपल्या टॅलीचा परवाना कोणाच्या नावावर आहे ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.